टाकीकडचा चौकोन

एका सहीतून रखमाजींना काय काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ. कारण त्या दिवशी घरातले बाकी सगळे धोंडे मोजत होते आणि हा एकटा माणूस सही मोजत होता.

सही आदिनाथची, म्हणजे जावयाची. ती पडली की पूर्णाकाठ साखळीतला शेवटचा सामना पुन्हा होणार. सामना पुन्हा झाला की गावच्या केदार स्पोर्ट्सला वरच्या गटात टिकायची एक संधी. संघ वरच्या गटात टिकला की कल्याणला, त्यांच्या धाकट्याला, जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका स्टील मिलच्या संघात जागा आणि त्या जागेमागून कायमची नोकरी. मिलचा मालक फुटबॉलवेडा होता, पण खालच्या गटाकडे ढुंकूनही पाहत नव्हता. शिवाय क्लबच्या अध्यक्षपदाची खुर्ची रखमाजींच्याच बुडाखाली राहणार आणि पुतण्या भुजंगचं तोंड बंद होणार. बदल्यात जावयाला पुरणाचे तेहेतीस धोंडे, तांब्याचं ताम्हण, चांदीचं निरांजन आणि कपडे. अधिक महिना, त्यात लग्नानंतरचा पहिलाच. हे सगळं तसंही करावंच लागणार होतं. म्हणजे रखमाजींच्या हिशोबाने सही फुकटात पडत होती.

हरलेल्या सामन्यात पेनल्टी देणारा पंच आदिनाथच होता, आणि साखळीचा नियम साधा होता. पंचाने स्वतः ‘माझा निर्णय चुकला’ असं लिहून दिलं तरच सामना पुन्हा, आणि ते उद्याच्या आत. मजकूर भोकरदनहून टाईप करून आणला होता. रखमाजींनी तो देव्हाऱ्यात गणपतीच्या पाठीशी उभा करून ठेवला होता. म्हटलं, गणपती आणि जावई, दोघांपैकी एकाची तरी मर्जी बसेल.

बाहेर ओट्यासमोर गाव जमलं होतं. गाव म्हणजे केदार स्पोर्ट्सचं गाव: सामन्याला येणारे, शिव्या देणारे, वर्गणीच्या वेळी शेतात जाणारे. आठवडी बाजारातून कोणीतरी प्लॅस्टिकच्या शिट्ट्या आणून वाटल्या होत्या. आदिनाथ आणि लेक प्रियदर्शनी एसटीतून उतरले तेव्हा पहिली वाजली. नंतर पाहुण्याने चप्पल काढली, एक वाजली. पाय धुतले, एक वाजली. घोषणा नाही, दगड नाही. नुसत्या शिट्ट्या.

*

“काहून गं, सही केली तं काय बिघडतं त्यांचं?” उषाबाईंनी कढईत धोंडा सोडला. “माणूसच हाय. चुकलो म्हनलं तं कमीपणा येतो का?”

“पेनल्टी बराबर होती का न्हाई, तू पाह्यलं का आई?”

“मी कशाला पाहू? सारं गाव म्हनून राह्यलं.”

“गावानं ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला. चपलांचा हार लावून.”

“पोरं हायेत ती.”

“टाकणारा भुजंगदादा हाय. चाळिशी उलटलेलं पोर.”

उषाबाईंना हसू आलं, पण ते त्यांनी झाऱ्याबरोबर तेलात बुडवलं. त्यांचाही एक हिशोब होता आणि तो नवऱ्याच्या हिशोबापेक्षा सरळ होता. लेकीला पाचवा महिना. सातव्यात तिला आणायचं, पहिलं बाळंतपण इथेच करायचं. मागच्या अंगाच्या खोलीला त्यांनी चुना दिला होता, खाटेच्या पट्ट्या ओढून घेतल्या होत्या, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांची घडी तयार होती. सही झाली की गाव गोड, नवरा गोड, जावई मानाने येणार-जाणार. न झाली तर? त्या ‘तर’च्या पुढे त्या जात नव्हत्या.

“तूच सांग त्यांना,” त्या म्हणाल्या. “तुझं ऐकतील.”

“सांगितलं. म्हनलं, करा सही, कल्याणचं भलं होतंय.” प्रियदर्शनीने पुरणाचा गोळा पारीत भरला आणि तोंड दाबून बंद केलं. “तर म्हणले, तुला सांगण्यासारखं असतं तर कवाच सांगितलं असतं.”

“मंजे काय?”

“मला तरी काय ठाऊक.”

बाहेर शिट्टी वाजली. पाहुणा पाटावर बसला असावा.

*

आदिनाथ नवीन जालन्यातल्या एका शाळेत खेळाचा मास्तर होता. शिट्टी हे त्याच्या पोटापाण्याचं साधन. तीच आपल्यावर उलटी वाजताना कशी लागते ते तो आज ऐकत होता. सासूने पाय धुतले, कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. आज तो नारायण होता. ताटात गरम धोंडे, वर तुपाची धार, समोर सासरा मांडी घालून. कल्याण दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आत नाही आणि बाहेरही नाही.

पहिला घास तोंडाशी नेला आणि शिट्टी वाजली. त्याने घास खाल्ला.

“जावईबापू,” रखमाजी गोड आवाजात म्हणाले, “आज तुमी नारायण. नारायणानं भक्ताला न्हाई म्हनायचं नसतं.”

“मामा, नारायणाचं मला माहीत न्हाई. पंचाला लई बोलायची सोय नसते.”

“पंचगिरी मैदानावर. हितं तुमी घरचे.”

“घरचा म्हणूनच बोलावलंत ना तुम्ही मला त्या सामन्याला? साखळीनं दुसऱ्याचं नाव दिलं होतं.”

हे खरं होतं. साखळीत पंच मोजके आणि प्रत्येक पंच कोणाचा तरी पाहुणा, त्यामुळे नात्यावर हरकत घ्यायची तिकडे पद्धत नाही. साखळीने अंबडचा पंच दिला होता. रखमाजींनीच चार फोन करून तो बदलून जावई मागवला. आदिनाथने तेव्हा त्यांना सांगितलं होतं, मला नका घेऊ. रखमाजींनी ते जावयाच्या तोंडचा नम्रपणा समजून सोडून दिलं होतं.

भुजंग न बोलावता आत आला आणि उंबऱ्यावर बसला. त्याच्या गळ्यात शिट्टी होती. क्लबचा सगळ्यात मोठा आवाज तो. केदार स्पोर्ट्स आजवर एकदाही स्वतःच्या खेळाने हरलेलं नाही, असं त्याचं म्हणणं; प्रत्येक हार कोणत्या ना कोणत्या पंचाच्या नावावर लिहिलेली.

“पाहुणे,” तो म्हणाला, “फाउल पेनल्टीच्या चौकोनाच्या भायेर होता. कल्याणनं पाय घातला तवा मी टाकीपशीच उभा होतो. दोन डोळ्यांनी पाह्यलं.”

“रेघेच्या आत होता.”

“बिलकुल न्हाई! त्या जाग्यावर पेनल्टी देत न्हाईत. टीव्हीवर पाहा. तितून गोल केवढा लांब राहतो!”

“लांब राहतो, बराबर बोलले तुम्ही.” आदिनाथने हातातला घास ताटात ठेवला. “काहून लांब राहतो दादा? रेघ कोणी ओढली होती?”

भुजंगने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली.

रखमाजींनी देव्हाऱ्यातून कागद काढला होता. तो त्यांच्या हातात तसाच राहिला.

“सामन्याआधी पंचानं मैदान चालून पाहायचं असतं, मामा. मी पाह्यलं. नदीकडचा चौकोन बराबर. टाकीकडचा एक ढांग जास्त. मी वळून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खुर्चीवरून हात केला अन् विचारलं, चहा पाठवू का.”



आता हे मैदान ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायला हवं. केदारखेड्याचं मैदान नदीकडे चढतं आणि पाण्याच्या टाकीकडे उतरतं. दुसऱ्या हाफला पाय जड होतात, तेव्हा उताराकडे मारणाऱ्याचं फावतं. म्हणून नाणेफेक जिंकायची, दुसऱ्या हाफला टाकीकडे मारायचं, समोरचे दमलेले गडी आडवे पाय घालणार, आणि चौकोन जरा मोठा असला तर त्यातला एखादा पाय आत सापडणार. अशी ही अक्कल. रेघांची पांढरी फक्की टाकताना कोणाच्या लक्षात येत नाही. सगळं बराबर जुळलं होतं, फक्त नाणं उलटं पडलं. समोरच्या भोकरदन संघाच्या कप्तानाने उतार मागितला आणि दुसऱ्या हाफला तो मोठा चौकोन राखायची पाळी आपल्याच पोरांवर आली. रेघ पुसायला तेव्हाही वेळ होता. पण पुसायची म्हणजे कबूल करायची. शेवटच्या मिनिटांत कल्याणचा पाय नेमका त्या वाढीव ढांगेत आडवा गेला. बरोबरी पुरे होती, ती गेली. संघ खालच्या गटात.

“मी तिथंच रेघ पुसायला लावायला पायजे होती,” आदिनाथ म्हणाला. “न्हाई लावली. सासऱ्याचं मैदान, चारचौघांत सासऱ्याची फजिती कशी करावी, म्हणून गप बसलो. तुम्ही घरचा माणूस मागितला होता ना मामा? घरच्यानं एवढं केलं तुमच्यासाठी. त्यानंच तुम्ही बुडाले.”

दाराशी प्रियदर्शनी धोंड्यांचं दुसरं ताट घेऊन उभी होती. ती किती वेळ उभी होती हे कोणालाच माहीत नव्हतं.

“नाना,” ती म्हणाली, “खरं हाय हे?”

“तू आत जा, बाई.”

आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. कढई हळूहळू शांत झाली.

*

रखमाजी बाजारात उगीच मुरलेले नव्हते. एक सौदा फिसकटला की दुसरा मांडायचा.

“झालं ते झालं,” ते म्हणाले. “चौकोनाचं कोनाला ठाऊक न्हाई. भोकरदनवाल्यांनाबी न्हाई. तुमी फक्त लिहा, नजरचूक झाली. नजर काय, कोनाचीबी चुकते.”

“मंग सामना पुन्हा त्याच मैदानावर. दुसरा पंच येईल. तो मैदान चालून पाहील.”

“तवर आमी रेघ नीट करू की,” भुजंग म्हणाला आणि म्हटल्यावर त्याला कळलं आपण काय म्हणालो ते.

“करा. म्हणजे रेघ तुमची पुसली जाईल अन् चूक माझ्या नावावर राहील,” आदिनाथ म्हणाला. “राज्याच्या पंच-परीक्षेला बसणार हाय मी यंदा. ज्यानं शेवटच्या मिनिटाची पेनल्टी चुकीची दिली असं स्वतः लिहून दिलं, त्याला कोण उभं करतं? तरी लिहितो. पण खरं ते लिहितो. चौकोन वाढवून आखला होता, मला दिसला, मी बोललो न्हाई. माझा पंचाचा बिल्ला जाईल. जाऊ दे. द्या कागद.”

त्याने हात पुढे केला. उष्टा हात होता, तुपाने चमकत होता. रखमाजींनी कागद मागे ओढला. इतका वेळ जी सही मिळावी म्हणून जीव टाकत होते, ती आता त्यांना अंगावर आलेल्या बैलासारखी दिसत होती.

“मैदानात लबाडी केली मंजे साखळीतूनच काढतात,” भुजंग पुटपुटला. “दोन वर्ष.”

“मंग?” आदिनाथने विचारलं.

“मंग न्हाई. खालचा गट तं खालचा गट,” रखमाजी म्हणाले.

बघा गंमत. ज्या खालच्या गटाच्या नावाने आठ दिवस गावात चूल नीट पेटली नव्हती, तो एका क्षणात सोसण्यासारखा झाला. मघाशी काका-पुतण्यांत विस्तव जात नव्हता. भुजंगला खुर्ची हवी होती आणि रखमाजींना ती सोडायची नव्हती. आता दोघे एकाच बाजूला सरकून बसले. पाटावर आदिनाथ एकटा उरला आणि त्याच्यामागे, ताट हातातच धरून, प्रियदर्शनी येऊन उभी राहिली.

कल्याण चौकटीपासून हलला आणि परसात गेला.

*

परसात दगडी हौदापाशी त्याने तोंडावर पाणी मारलं. रोज पहाटे मोटरसायकलवर एमआयडीसी गाठायची, कंत्राटावर भट्टीपाशी उभं राहायचं, संध्याकाळी परत येऊन सराव. कायम झालो की जालन्यातच खोली करायची, असं त्याने ठरवलं होतं. ते सगळं त्या एका पायाने गेलं होतं, आणि तो पाय त्याचाच होता, हे त्याला गावाच्या आधी कळलेलं होतं.

मागे पावलं वाजली. त्याने वळून पाहिलं नाही.

“फक्की टाकायच्या आधी दोरी धरावी लागते ना?” प्रियदर्शनी म्हणाली. “एक टोक भुजंगदादानं धरलं. दुसरं?”

त्याने पुन्हा हौदात हात घातला.

“कल्याण.”

“मी. नानांनी सांगितल्तं. ताई, मला तवा काय माहीत, असं होईल.”

“बाहेर जाऊन सांग तेवढं. बाकी काही नको. पेनल्टी बराबर होती, एवढंच. तू सांगितलं तर ऐकतील. पाय तुझाच होता.”

“अन् मिलवाल्याच्या कानावर गेलं तं? त्यानं सांगितलंय, पुढल्या साली संघ वर आला तं नाव लक्षात हाय म्हनून. दोरी धरनाऱ्याला घेईल का तो?”

“अन् माझं?”

“तुझं काय? तुला कोन काय म्हनून राह्यलं?”

तिने पदर पोटावरून सारखा केला. “दोन महिन्यांनी मी हितं येणार हाय. ज्या गावात ह्यांच्यावर शिट्ट्या वाजतात तिथं मी खाटेवर पडून राहू? बाळ पाहायला ते कसे येतील? तोंड झाकून?”

“लोक विसरतात गं.”

“तुमचे लोक? तू दहावीत होतास तवाच्या ऑफसाइडसाठी अजून अंबडच्या पंचाच्या आईला शिव्या देतात ते.”

त्याला खरंच हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्याही दिवशी. त्याने हौदाच्या कडेला हात पुसले आणि म्हणाला, “बघतो.” त्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या बहिणीला त्या ‘बघतो’चा अर्थ तिथेच कळला होता. तरी ती बाहेर गेली. आशा फुकट असते असं लोकांना वाटतं.

*

रखमाजी ओट्यावर आले तशा शिट्ट्या थांबल्या. त्यांनी कागद वर धरला. सहीची रिकामी जागा सगळ्यांना दिसेल असा.

“पाहुणे सही करत न्हाईत,” ते म्हणाले.

एवढंच. यातला एक शब्दही खोटा नव्हता. रखमाजी खोटं कधीच बोलत नसत, खर्चिक पडतं.

एकदम सगळ्या शिट्ट्या. भुजंगने हात वर करून त्या थांबवल्या. “आपल्या गावचं अन्न खाऊन आपल्याच गावाला खाली ढकललं,” तो म्हणाला. मघा उंबऱ्यावर दोरी गुंडाळत बसलेला भुजंग हाच, हे सांगून कोणाला पटलं नसतं. “आजपासून हा मानूस केदारखेड्यात पंच म्हनून न्हाई अन् पाहुना म्हनूनबी न्हाई. काय म्हनता?”

गाव जे म्हणायचं ते म्हणालं.

प्रियदर्शनी दारात होती. तिने कल्याणकडे पाहिलं. तो ओट्याच्या दुसऱ्या टोकाला खांबापाशी उभा होता, संघाचीच बनियन अंगात, पाठीवर आकडा. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, कारण तोच तर लुबाडला गेला होता. कोणीतरी ओरडलं, “कल्याण, बोल रे!” त्याने तोंड उघडलं. मग खाली वाकला आणि चपलेचा अंगठा नीट करू लागला. अंगठा तुटलेला नव्हता. तो बराच वेळ नीट करत राहिला.

“बिचारा,” गर्दीत एकजण म्हणाला. “बोलायलाबी होईना त्याला.”

आत आदिनाथने ताटातला उरलेला धोंडा खाल्ला, कारण जावई ताट टाकून उठला तर घराला लागतं असं उषाबाईंना वाटायचं. त्यांचं मन तरी त्याने राखलं. मग हात धुऊन चपला घातल्या.

“बाई, तू ऱ्हा,” रखमाजी लेकीला म्हणाले. आवाज खरोखर मऊ होता. “तुला कोन काय म्हनलंय? तुजं घर हाय. पाहुणे जातील एसटीनं, तू आरामात ये मागून.”

“मी आत्ताच जाते, नाना.”

“असं चिडू नको. दोन महिन्यांनी मी सोता येतो तुला न्यायला.”

“एकटीला?”

रखमाजींनी गर्दीकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. ती नजर घरात सगळ्यांना वाचता येत होती.

ती नवऱ्याच्या पुढे निघाली. उंबरा ओलांडायला पाय उचलला आणि शिट्टी वाजली. कोणीतरी आदिनाथसाठी सज्ज होऊन बसला होता, त्याची घाई झाली. पण एक वाजली म्हणून दुसरी, दुसरी म्हणून सगळ्या. ती थांबली नाही. गावच्या लेकीवर शिट्ट्या वाजतायत हे पुढच्या रांगेतल्या एक-दोन म्हाताऱ्यांना उमगलं असावं, त्यांनी नजर वळवली. पण तोंडातली शिट्टी कोणीच काढली नाही.

उषाबाई डबा घेऊन मागून धावत थांब्यावर आल्या. ताटातले धोंडे खाल्लेले, बाकीचे डब्यात, वाण होतं ते. डबा त्यांनी लेकीच्या हातात दिला आणि हात सोडला नाही.

“मला काईच ठाऊक न्हवतं गं.”

“माहीत हाय.”

“खोलीला चुना दिला मी.”

“तूच ये तिकडं, आई,” प्रियदर्शनी म्हणाली. मागे शिट्ट्या चालूच होत्या. एसटी आली.

*

आता कोणी काय भरलं ते.

रखमाजींची खुर्ची राहिली. एवढा अन्याय झालेल्या क्लबात अध्यक्ष बदलणं बरं दिसत नाही, असं भुजंगनेच सभेत सांगितलं. भुजंगचं काही गेलं नाही. उलट त्याच्या यादीत एक पंच वाढला. पुढच्या हंगामात त्याने टाकीकडचा चौकोन स्वतः टेप लावून आखला, अगदी बराबर, आणि पंचांचा काही भरवसा राहिला नाही म्हणून आपल्याला एवढी काळजी घ्यावी लागते असं तो सगळ्यांना सांगत होता. कल्याण अजून पहाटे मोटरसायकल काढतो. आदिनाथचा बिल्ला कायम आहे. परीक्षेला मात्र तो बसला नाही. मैदान चालून पाहताना पाय मध्येच थांबतात, एवढंच त्याने बायकोला सांगितलं.

प्रियदर्शनीचं पहिलं बाळंतपण नवीन जालन्यात दोन खोल्यांत झालं. उषाबाई डोळे तपासायला जाते असं गावात सांगून एसटीने यायच्या आणि अंधार पडायच्या आत परत जायच्या. नातीला तिच्या मामाने, कल्याणने, अजून पाहिलेलं नाही. त्या मैदानात जिने आयुष्यात कधी पाय ठेवला नव्हता, त्या प्रियदर्शनीला मात्र सगळं माहेर भरावं लागलं.

चुना दिलेली मागच्या अंगाची खोली काही रिकामी राहिली नाही. तिथे आता क्लबचे चेंडू असतात, गोलाची जाळी असते, आणि खाटेखाली फक्कीचं पोतं.